घरचा स्विमिंग टँक: मोटार लहान केली, फिल्टर मोठा केला

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

टँक मेव्हण्याचा, सांगलीजवळ डिग्रजच्या बाजूला बंगला आहे तिथला. लांबी २४ फूट, रुंदी १२, खोली एका टोकाला साडेतीन, दुसऱ्या टोकाला पाच. सरासरी सव्वाचार धरली की १,२२४ घनफूट, घनफुटाला २८.३ लिटरनं साडेचौतीस हजार लिटर. हिशोबाला ३५,००० धरले आणि पंपरूमच्या दारावर ऑइलपेंटनं लिहून टाकले. औषध, मोटार, फिल्टर सगळं या एका आकड्यावर ठरतं, आणि आजवर घरात कुणी पंचवीस हजार सांगायचं, कुणी पन्नास.

बांधकाम २०१७ चं. २०१९ च्या महापुरात टँक गाळानं भरला, तो काढून पुन्हा चालू केला. तेव्हापासून शिरस्ता एकच. एप्रिल लागला की पाणी हिरवट. ठेकेदाराचा माणूस येणार, गोळ्या टाकणार, चार दिवस बरं, पुन्हा हिरवं. यंदा त्यानं निदान केलंय की मोटार कमी पडते. दीड एचपी काढून दोन एचपी बसवायची, कोटेशन ४२,००० रुपयांचं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमचं निम्मं आयुष्य कुपवाडला पंपात गेलंय. एकदा बघा की, मग चेक देतो."

बघितलं ते असं. मोटार दीड एचपी, सिंगल फेज. सँड फिल्टर १६ इंची. सक्शन आणि डिलिव्हरी दोन्हीला ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. प्रेशर गेजचा काटा मोटार बंद असतानाही एक किलोवर. तळाच्या जाळीचा एक स्क्रू गायब. आणि पाणी टँकमध्ये परत येतं त्या तोंडाखाली मूठभर वाळू साठलेली.

१८ फेब्रुवारी

मोटार कमी पडते की जास्त होते हे बघायला महागडं मीटर लागत नाही. २०० लिटरचा बॅरल आणि मोबाइल पुरतो. बॅकवॉशचा (फिल्टरची वाळू उलट्या पाण्यानं धुऊन घाण बाहेर सोडायचा) पाइप बॅरलमध्ये सोडला, ४५ सेकंदांत भरला. म्हणजे तासाला १६,००० लिटर.

आता १६ इंची फिल्टरमध्ये वाळूचं क्षेत्रफळ साधारण ०.१३ चौरस मीटर. तासाला १६ घनमीटर त्यातून घालवले तर पाण्याचा वेग ताशी १२० मीटरच्या वर जातो. वाळू चांगली गाळते ती ३० ते ५० मीटरला. त्यापुढं घाण वाळूत अडकत नाही, आरपार ढकलली जाते आणि परत टँकमध्ये येते. द्राक्षबागेतला ठिबकचा सँड फिल्टर ज्यानं सांभाळलाय त्याला हे वेगळं सांगायला नको.

पाइपाचं दुखणंही तेच. ५० च्या पाइपातून एवढं पाणी ओढलं की वेग सेकंदाला पावणेतीन मीटर होतो. सक्शनला दीड-पावणेदोनच्या पुढं जाऊ नये. मोटारीचा जो खडखडाट येतो तो बेअरिंगचा नाही, तिला पुरेसं पाणी मिळत नाही. दोन एचपी बसवली असती तर खडखडाट वाढला असता, लाइटबिल वाढलं असतं आणि पाणी होतं तितकंच हिरवं राहिलं असतं.

मीटरवर तासाभराचा फरक बघितला: १.६ युनिट. दिवसाला आठ तास चालते, महिन्याला ३८४ युनिट. घराचा वापर सोडून नुसत्या टँकनंच ३०० युनिटचा स्लॅब ओलांडला.

२५ फेब्रुवारी

फिल्टर उघडला. वरचा इंचभर थर चुन्यानं बांधला गेला होता, स्क्रूड्रायव्हर मारला तर ढेकळं निघाली. खाली बघतो तर फिल्टरची वाळूच नाही, चाळलेली बांधकामाची वाळू. तळातल्या लॅटरलपैकी, म्हणजे वाळूखालून गाळलेलं पाणी गोळा करणाऱ्या बारीक फटींच्या नळ्यांपैकी, दोन मोडलेल्या. उथळ बाजूला सापडलेली मूठभर वाळू इथून येत होती. वाळू टँकमध्ये येतेय म्हणजे लॅटरल गेली, दुसरं कारण शोधत बसू नका.

चुना कुठून आला हेही कळलं. पेनमीटर विहिरीच्या पाण्यात बुडवला, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २,१००. या पट्ट्यात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्यात आणि विहिरीचं पाणी मचूळ. रोजची घट याच पाण्यानं भरून काढत होते. नदीच्या पाण्याचा टँकर मोजला तर ३१०.

३ मार्च

काय घ्यायचं ते ठरलं. घोळ इतका झाला की कारणं लिहून ठेवतो.

फिल्टर २० इंची. क्षेत्रफळ जवळजवळ ०.२ चौरस मीटर. त्याला ताशी साडेनऊ-दहा घनमीटर पाणी दिलं की वेग ५० च्या आत राहतो. त्यासाठी पाऊण एचपी पुरते. टँकचं सगळं पाणी पावणेचार तासांत एकदा फिरतं, सहा तास चालवली की दीडपट. घरच्या टँकला बास.

मग २४ इंची का नाही? दुकानदार तोच गळ्यात मारत होता. पण बॅकवॉश करताना खालून वर येणाऱ्या पाण्यानं वाळू उचलली गेली पाहिजे, त्यालाही चौरस मीटरमागं ताशी ४० घनमीटर तरी लागतात. २४ इंचीला पाऊण एचपीचा जोर अपुरा पडतो. वाळू जागची हलत नाही आणि घाण आतच राहते. फिल्टर मोठा घ्यायचा, पण मोटार धुऊ शकेल एवढाच मोठा.

मिठावर चालणारा क्लोरिनेटर मेव्हण्याला फार हवा होता, कोल्हापूरला कुणाकडं तरी बघून आला होता. पाणी मऊ लागतं, गोळ्यांची कटकट नाही, हे सगळं खरं. पण या टँकला सुरुवातीलाच १२० किलोच्या आसपास मीठ लागतं आणि प्रत्येक बॅकवॉशला खारं पाणी बाहेर पडतं. ते जाणार कुठं? शेजारच्या उसात. तिथं आधीच पांढरे पट्टे दिसतात, आणि क्षारपड सुधारायला लोक चर खणून सच्छिद्र पाइप घालतायत. माझा सरळ नकार. त्यावर दोन दिवस अबोला होता, नंतर बायकोनं मिटवलं.

खर्च: फिल्टर मल्टिपोर्टसकट (दांडा फिरवून पाण्याची वाट बदलणारा व्हॉल्व्ह) ३१,०००. मोटार पाऊण एचपी, केसकचऱ्याच्या जाळीची, १८,५००. फिल्टरची सिलिका वाळू ८५ किलो, कुपवाड एमआयडीसीत सॉफ्टनरचं सामान विकणाऱ्याकडून, १,७००. व्हॉल्व्ह, युनियन, पाइप मिळून ४,२००. दोन एचपीच्या कोटेशनपेक्षा जास्तच झालं, हे मेव्हण्यानं लगेच दाखवून दिलं.

१० मार्च

वायरमनला घेऊन गेलो. पंपरूममध्ये ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, नाही. पाण्यातला दिवा १२ व्होल्टचा निघाला म्हणून जीव भांड्यात पडला, पण त्याचा ट्रान्सफॉर्मर टँकच्या काठालाच उघड्यावर. तो पंपरूममध्ये आत घेतला, ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवला, अर्थिंगचा खड्डा नवा केला. तिघांची मजुरी धरून ६,८००. हे काम मोटारीच्या आधी करायचं.

तळाच्या जाळीचंही आजच केलं. या टँकला तळाला एकच तोंड. मोडकी सपाट जाळी, वर दीड एचपीची ओढ. एखाद्या पोराचे केस किंवा पाय तिथं धरला गेला तर मोठ्या माणसालाही सोडवता येत नाही. मुळात दोन तोंडं लांब लांब ठेवून एका पाइपाला जोडायला हवी होती. आता काँक्रीट फोडल्याशिवाय ते होत नाही. सध्या फुगीर, कडेनं पाणी घेणारी जाळी चारही स्क्रूंनी बसवली, तळाचा व्हॉल्व्ह पाव उघडा ठेवला आणि बाकीची ओढ स्किमरवर, म्हणजे वरवरचं पाणी घेणाऱ्या काठाच्या तोंडावर, टाकली. मुलं पाण्यात असताना मोटार बंद, हा नियम दारावर ३५,००० च्या खाली लिहिला.

१७ मार्च

जोडणी. वाळू भरायच्या आधी फिल्टर निम्मा पाण्यानं भरून घेतला, नाहीतर ८५ किलोच्या माऱ्यात नव्या लॅटरलही मोडतात. मधल्या उभ्या पाइपाच्या तोंडाला टेप लावली. गडी पोती रिकामी करत होता, मी पाइप मधोमध धरून बसलो. एकदा वाळू पडली की पाइप सरळ करता येत नाही.

चालू केल्यावर मोटारीनं हवा धरली. जाळीच्या झाकणाखाली पाणी अर्धंच, टँकमध्ये बुडबुडे. सक्शनच्या बाजूची गळती बाहेर थेंबभरही दिसत नाही, कारण पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. दाढीचा फेस एकेका सांध्यावर लावत गेलो. स्किमरच्या व्हॉल्व्हपाशी फेस आत ओढला गेला आणि तिथं खळगा पडला. सांधा कापून नवा केला. सोल्युशन लावून लगेच चालू करायची घाई प्लंबरला होती, रात्रभर थांबवलं.

२४ मार्च, होळी

बॅरल भरायला आता ७५ सेकंद, म्हणजे ताशी ९,६०० लिटर. हवं होतं तेवढंच. स्वच्छ वाळूवर नवा गेज ०.६ किलो दाखवतो. १.१ झाला की बॅकवॉश. हे दोन आकडे गेजच्या काचेवर मार्करनं खुणावले, म्हणजे गड्याला विचारायची गरज नाही.

पण टँकची पातळी फार उतरतेय. बादलीची परीक्षा केली: पायरीवर बादली ठेवायची, आत आणि बाहेर पाणी एकाच पातळीला, २४ तासांनी दोन्हींची उतार मोजायची. बादलीत ७ मिलिमीटर, टँकमध्ये १५. सात उन्हाचे. वरचे आठ म्हणजे दिवसाला दोनशे लिटर कुठंतरी जातायत. मेव्हण्याला वाटलं काळ्या मातीनं भिंतीला तडा दिला. त्याआधी बॅकवॉशच्या पाइपाच्या तोंडाशी हात धरला तर मोटार फिल्टरवर चालू असताना तिथून करंगळीएवढी धार येत होती. मल्टिपोर्ट उघडला. आतल्या चाकासारख्या गॅस्केटवर वाळूचे कण बसलेले, वाळू भरतानाच गेले असणार. धुऊन परत बसवलं, धार बंद. खर्च शून्य. झाकण काढण्याआधी दोन्ही भागांवर एक रेघ मारून ठेवा, नाहीतर उलटं बसतं. आणि मल्टिपोर्टचा दांडा मोटार बंद करूनच फिरवायचा. चालू मोटारीवर फिरवला की हेच गॅस्केट उखडतं.

३० मार्च, रंगपंचमी

पोरं रंगासकट टँकमध्ये. कुणाचं ऐकतात? पाणी गुलाबी, वर फेस. चिडलो होतो, पण मोटार लावल्यावर काठावर बसून जे दिसलं ते एरवी दिसलं नसतं. अर्ध्या तासात बाकी टँकमधला रंग फिकट होत गेला आणि पायऱ्यांच्या कोपऱ्यात तसाच गडद राहिला. दर उन्हाळ्यात शेवाळ धरतं ते याच कोपऱ्यात. पाणी तिकडं फिरतच नव्हतं. परत येणाऱ्या पाण्याची तिन्ही तोंडं समोरासमोर सरळ होती. ती तिन्ही एकाच दिशेला वळवून किंचित खाली केली. पाणी टँकभर गोल फिरायला लागलं, कोपऱ्यातला रंग उचलला गेला.

आजची दुसरी चांगली गोष्ट पुरणपोळी.

७ एप्रिल

नवी मोटार, नवा फिल्टर, तरी पायऱ्यांवर हिरवी बुळबुळ. ठेकेदाराच्या जुन्या किटात पाणी गर्द पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन भरपूर. मग शेवाळ मरत का नाही?

दोन गोष्टी. पिवळा रंग देणारं ते किट एकूण क्लोरीन दाखवतं, घामाशी आणि घाणीशी बांधला गेलेला धरून. मोकळा किती आहे ते बघायला गुलाबी रंगाचं डीपीडी किट लागतं. ते मागवलं: मोकळा ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन). तोही वाईट नाही. मग सायन्यूरिक ॲसिड मोजलं आणि गाठ सुटली. या चाचणीत पाणी गढूळ होतं आणि नळीच्या तळातला काळा ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. ठिपका नळी थोडीशी भरतानाच गायब, म्हणजे आकडा शंभराच्या पुढं. निम्मं साधं पाणी मिसळून परत केली: ७०. दुप्पट १४०.

हे येतं गोळ्यांतून. टीसीसीए गोळ्या ९० टक्के क्लोरीनच्या म्हणून विकतात, पण क्लोरीन उडून गेला तरी त्यांच्यातलं सायन्यूरिक ॲसिड पाण्यात राहतं. या टँकमध्ये एक किलो गोळ्यांनी ते १५-१६ पीपीएम वाढतं. गेल्या हंगामाची बिलं काढली तर गोळ्या ९ किलो. हिशोब बरोबर जुळला. ३०-४० पर्यंत ते कामाचं, उन्हापासून क्लोरीन वाचवतं. त्यापुढं क्लोरीनलाच धरून ठेवतं. शेवाळ रोखायला त्याच्या सात-साडेसात टक्के तरी मोकळा क्लोरीन लागतो, म्हणजे १४० ला दहाच्या वर. ठेकेदार दर हिरव्या पाण्यावर आणखी गोळ्या टाकत होता आणि दर गोळीगणिक पुढची गोळी निकामी होत होती. याला औषध नाही, पाणी बदलणं एवढंच.

१३ एप्रिल

पाडवा झाला आणि पाणी काढायला घेतलं. मेव्हणा म्हणाला, एकदाच सगळं काढू, तेवढ्याच पाण्यात शून्यावर येईल. हिशोबानं त्याचं खरं, पण बाजूच्या विहिरीत डोकावून बघितलं. भर उन्हाळ्यात पाणी साडेपाच फुटांवर. टँकचा तळ स्लॅब धरून तेवढ्याच खोलीवर. रिकाम्या टँकला खालचं पाणी होडीसारखं वर उचलतं, तळ फुटतो. म्हणून निम्मं काढलं, भरलं, फिरवलं आणि परत निम्मं काढलं. १४० चे ७०, ७० चे ३५.

नदीच्या पाण्याचे दहा हजारी टँकर चार, २,००० प्रमाणे ८,०००. काढलेलं पाणी आधी क्लोरीन शून्य होईपर्यंत मोटार बंद ठेवून उन्हात राहू दिलं, मग नारळांना आणि लॉनला. जतकडच्या पाहुण्यांचा याच सुमाराला फोन आला होता, त्यांच्याकडं प्यायच्या टँकरची वाट बघतायत. टँकचं काही बोललो नाही.

२८ एप्रिल

आता रोजचा क्लोरीन पातळ हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट). १० टक्क्यांचा ३५० मिलिलिटर टाकला की इथं १ पीपीएम वाढतो. या उन्हात दिवसाला अडीच-तीन जातात, म्हणून रोज संध्याकाळी लिटरभर. सकाळी टाकला तर निम्मा सूर्यच पितो. दोन मोठे कॅन स्वस्त पडतील म्हणून मेव्हण्यानं आणले आणि पत्र्याखाली ठेवले. दुसऱ्या कॅनला येईपर्यंत लिटरला दीड लिटर लागायला लागलं, उष्णतेनं हायपो आपोआप उतरतो. आता एकच कॅन, घराच्या उत्तर बाजूला सावलीत.

ग्रामपंचायत वापरते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर गड्यानं सुचवली. स्वस्त आहे, पण तिचा चुना खाली बसतो, आणि चुना या टँकनं पुरेसा खाल्लाय. एक मात्र ठळक लिहितो: टीसीएल पावडर आणि टीसीसीए गोळ्या एका डब्यात, एका मापात कधीही नको. पेट घेतात.

१२ मे

टाइलवर पांढरी रेघ. पीएच ८.१. हायपो आणि कठीण पाणी दोन्ही पीएच वर ढकलतात, आणि आठाच्या पुढं क्लोरीनचा जेमतेम पाचवा हिस्सा कामाला येतो. द्राक्षवाल्यांकडं ठिबक धुवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड असतंच, त्यातलं अर्धा लिटर बादलीभर पाण्यात ओतलं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. मोटार चालू ठेवून खोल बाजूला फिरवत टाकलं, तासानं मोजलं, ७.७. दुसऱ्या दिवशी पाव लिटर, ७.५. ॲसिडचा कॅन हायपोच्या शेजारी ठेवलेला दिसला, तो उचलून गोठ्याकडच्या खोलीत नेला. दोन्ही सांडून मिसळले तर विषारी वायू होतो.

घट आता नदीच्या पाण्यानंच भरायची. महिन्याला एक टँकर, दुधात पाणी घातल्यासारखा विहिरीचा पाइप कुणी मधेच सोडायचा नाही.

सुट्टीची पोरं आलीयत. तळातली दोन रुपयांची नाणी वरून वाचता येतात, त्यावरून पैज चालू आहे.

९ जून

मृगाचा पाऊस जोरात. टँक भरून वाहिला, क्लोरीन अर्ध्यावर. तेवढंच, बाकी पाणी स्वच्छ. एका पावसाळी दुपारी मेव्हण्यानं तुरटी फिरवली. गढूळपणा रात्रीत खाली बसला, पण सकाळी तो गाळ ब्रश-पाइपनं ओढताना मल्टिपोर्ट फिल्टरवर राहिला आणि गेज मिनिटांत दीड किलोवर गेला. तुरटीचा गाळ ओढायचा तर मल्टिपोर्ट 'वेस्ट'वर, थेट बाहेर. वाळू तीनदा धुवावी लागली.

विजेचं: नवी मोटार तासाला ०.८ युनिट, सहा तास. महिन्याला १४४. आधी ३८४ होते.

७ जुलै

विहिरीचं पाणी तीन फुटांवर आलंय. दिवाळीपर्यंत टँकची पातळी मुद्दाम उतरवायची नाही, बॅकवॉशनंतर लगेच भरून घ्यायचं.

राहिलेली कामं, पुढच्या मार्चसाठी: तळात प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, म्हणजे भूजल वाढलं तर ते टँकमध्ये येईल आणि तळ उचलला जाणार नाही. त्याच फोडाफोडीत तळाचं दुसरं तोंड. बदामाच्या झाडाकडची फांदी छाटणं. जुनी दीड एचपीची मोटार गोठ्याच्या हौदाला लावलीय, तिथं ती गप चालते.